रिंग रोडला दारं नकोत

श्रोतेहो, पुण्याच्या रिंग रोडबद्दल तुमच्या कानावर येतं ते जमीन किती गेली आणि मोबदला किती मिळाला एवढंच. मला बोलायचंय ते रस्ता झाल्यावर त्याच्या कडेला काय उगवतं त्याबद्दल.

जुन्या वाड्यांना बाजूनं एक बोळ असायचा. दूधवाला, सरपणाची मोळी, सगळं त्यातून थेट परसात. माजघराला धक्का नाही. मग कुणी बोळात सायकल लावली, कुणी पिंप ठेवलं, एका बिऱ्हाडकरूनं तर भिंत फोडून दार काढलं. झालं! मोळी पुन्हा माजघरातून.

कात्रज–देहूरोड बाह्यवळण हा आपला असाच बोळ. मुंबई-बंगळुरूचे ट्रक गावात शिरू नयेत म्हणून काढलेला. आज नवले पुलापाशी जाऊन बघा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून तीव्र उतारानं भरलेला ट्रक येतोय आणि पुढ्यात शाळेची व्हॅन, भाजी घेऊन निघालेली स्कूटर, कोल्हापूरची गाडी पकडायला बॅगा घेऊन उभी असलेली माणसं. चूक कुणाची? ज्यानं दार काढू दिलं, त्याची.

लंडननं १८८ किलोमीटरचा एम-२५ हा रिंग रोड १९८६ साली पुरा केला. तोही लवकरच तुंबायला लागला. एका फाट्यावर चढून पुढच्याच फाट्यावर उतरणाऱ्या गाड्या त्यावर आल्या. उलट हैदराबादच्या १५८ किलोमीटरच्या रिंग रोडवर ठरलेल्या जागांखेरीज चढताच येत नाही, गावातल्या गाडीला सेवा रस्ता. म्हणून पुन्हा सांगतो, दारं नकोत!

एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, आपला रिंग रोड ११० मीटर रुंद, जवळपास १७० किलोमीटर. कागदावर तोही बंदिस्तच आहे. पण कडेला पहिलं मंगल कार्यालय उभं राहिलं, की 'एवढी एक वाट द्या' म्हणणारे येतात, आणि ती मिळते! मग पेट्रोल पंप, मग हॉटेल.

शेताचे दोन तुकडे झालेल्या शेतकऱ्याचं काय, असं विचाराल. रास्त आहे. त्याला खालून भुयारी मार्ग द्या, उसाची ट्रॉली अडकणार नाही एवढा उंच. त्यात हात आखडू नका. पण रस्त्यावर तोंड नको.

काचेपलीकडून खूण झालीये. ट्रकतळांचं राहूनच गेलं. रात्री ट्रक थांबणार कुठे हे ठरवलं नाही, तर तो कडेलाच थांबतो, तिथे चहाची टपरी येते, आणि टपरीवर यायला मागच्या वस्तीतून... असो, वेळ संपली.