पल्ला आणि प्रकाश

भरतपूरच्या सहलीसाठी किती पट झूमचा कॅमेरा घ्यावा, असे अनेकांनी मला विचारले. प्रश्न निवृत्तिवेतनातल्या पैशांचा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

निकॉनचा पी१००० (२०१८) १२५ पट, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबाने ३००० मि.मी.पर्यंत पोहोचतो खरा. परंतु तेथे छिद्र एफ/८ होते, सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, आणि वजन सुमारे १.४ किलो! पहाटेच्या धुक्यात सारस टिपावयाचा तर मी सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७) पसंत करीन. पल्ला ६०० मि.मी.च, पण सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे चौपट आणि छिद्र एफ/४. उन्हे चढली की तापलेली हवा थरथरते. मग ३००० मि.मी.ही व्यर्थ. चंद्रासाठी मात्र निकॉनच घ्यावा.