सिग्नल तुटल्यावर दिवा काय करतो?



आपल्यात कुणी नाटकांची प्रकाशयोजना करतं, कुणी लग्नाच्या लॉनवर अपलाइट लावतं, कुणी गणपतीच्या मंडपात रात्र काढतं. या सगळ्यांना आज एकच प्रश्न छळतो आहे : वायरलेस घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं? माझं मत आधीच सांगतो. जिथं केबल पोचते तिथं केबलच टाका. जिथं ती पोचूच शकत नाही, तिथंच वायरलेस वापरा, आणि तिथं मात्र पैशाकडे पाहू नका.

केबलचा हा आग्रह जुन्या सवयीतून आलेला नाही. कंसोलचे आदेश दिव्यांपर्यंत नेणारं डीएमएक्स५१२ हे मानक १९८६ साली अमेरिकेत ठरलं, ते मुख्यतः डिमरसाठी. एका केबलमधून ५१२ चॅनेल, सेकंदाला अडीच लाख बिट, पूर्ण युनिव्हर्स सेकंदाला साधारण ४४ वेळा ताजं होतं. त्यात चूक ओळखण्याची सोयच नाही. वाटेत आकडा बिघडला तर दिवा तो बिघडलेला आकडाही इमानाने पाळतो. चांगल्या केबलवर, शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर लावला की हे क्वचितच जाणवतं. तोच सिग्नल हवेतून पाठवायचा म्हटला की चुका पकडण्याची सगळी जबाबदारी मधल्या रेडिओवर येते. म्हणून रेडिओ कसला आहे, यालाच महत्त्व आहे.

वायरलेसची खरी गरज असते हे मी नाकारत नाही. नटाच्या हातातला कंदील, फिरत्या रंगमंचावरचा दिवा, भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नसलेला जुना वाडा, हिरवळीवर पाहुण्यांच्या पायाखाली वायर येऊ नये म्हणून ठेवलेले बॅटरीवरचे अपलाइट. ही कामं वायरलेसमुळे नीटनेटकी होतात, आणि कुणी वायरीत पाय अडकून पडत नाही.

पण हवा मोकळी नाही. आपली बहुतेक साधनं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्या देशात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५च्या नियमांनी परवानामुक्त झाला. परवाना नको म्हणजे गर्दी आलीच. वायफाय, ब्लूटूथ, कितीतरी ड्रोनचे रिमोट, सगळे तिथंच. पट्ट्याची रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ, आणि एकमेकांवर न चढणारे वायफाय चॅनेल त्यात तीनच बसतात : १, ६ आणि ११.

म्हणूनच दुपारी चारला, रिकाम्या लॉनवर घेतलेल्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. रात्री आठला तिथं हजार माणसं असतात आणि प्रत्येकाच्या खिशात एक रेडिओ असतो. शिवाय माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. टेबलावर ठेवलेला ट्रान्समीटर दुपारी दिव्याला दिसत असतो. वरमालेच्या वेळी मध्ये माणसांची भिंत उभी राहते. अँटेना डोक्यांच्या वर, ट्रसवर किंवा स्टँडवर चढवा, लोखंडापासून दूर ठेवा, दोन्ही टोकांच्या अँटेना उभ्याच असू द्या. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते, म्हणून ट्रान्समीटर कंसोलपाशी ठेवण्याचा हट्ट सोडा. केबल मंचापर्यंत न्या आणि हवेतलं अंतर शक्य तितकं लहान करा.

आता निवडीचं. स्वीडनच्या लुमेनरेडिओची सीआरएमएक्स आणि तिथलीच डब्ल्यू-डीएमएक्स, या दोन पद्धती महाग आहेत, पण त्यांचा रेडिओ वारंवारता बदलत राहतो आणि गर्दीच्या जागा ओळखून टाळतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत बहुधा रंगानं ओळखायचे सात गट असतात. शेजारच्या लॉनवर दुसऱ्यानं तोच गट लावला, की तुमचे दिवे त्याच्या कंसोलचं ऐकू लागतात. छोट्या घरगुती कार्यक्रमाला हे चालेलही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ते लावणं मला गैर वाटतं. वायरलेस साधनाला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता आहे का, हेही विक्रेत्याला विचारा.

पण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही : सिग्नल तुटल्यावर दिवा काय करतो? काही दिवे शेवटची स्थिती धरून ठेवतात, काही विझतात. मुख्य प्रवेशात धरून ठेवणं योग्य. पण नटाच्या हातातल्या कंदिलाचा सिग्नल नेमका ब्लॅकआउटच्या क्षणी तुटला, तर काळोखात तो कंदील एकटा जळत राहील. स्ट्रोब चालू असताना सिग्नल तुटला तर दिवा लुकलुकतच राहील, आणि प्रेक्षकांत अपस्माराचा रुग्ण असू शकतो. म्हणून हा निर्णय दिव्यागणिक घ्यावा लागतो. तालमीत ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहा. जो दिवा आपल्याला हवं तसं वागत नाही, तो त्या जागी लावू नका.

आणि ज्वाला, आतषबाजी, माणसांच्या डोक्यावरून हलणारं वजन, यांचं नियंत्रण डीएमएक्सवर देऊ नका, मग ते केबलनं असो वा हवेतून. धोक्याच्या कामांसाठी हे मानक नाही, असं ते मानकच बजावतं. ग्राहक कितीही मोठा असला तरी इथं नकार द्यायचा.

तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. येत्या लग्नसराईपासून दरपत्रकात वायरलेस ही वेगळी ओळ लिहा, तिच्याखाली राखीव केबलचा खर्च लिहा, आणि ग्राहकानं घासाघीस केली तर दिवे कमी करा, ती केबल कमी करू नका. नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनाही माझं सांगणं आहे : कंट्रोल रूमपासून मंचापर्यंत एक चांगली, तपासलेली डीएमएक्स लाइन कायमची बसवा, आणि तुमचं वायफाय कुठल्या चॅनेलवर चालतं ते कंट्रोल रूमच्या दारावर लिहून ठेवा.