पावती नसलेले दान : कृषिभूषण दादाजी खोब्रागडे
(जीर्णोद्धार समारंभप्रसंगी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंदिराच्या जीर्णोद्धारास कुणी रोख रक्कम दिली, कुणी विटा-सिमेंट दिले, कुणी अंगमेहनत केली. त्या सर्वांची नोंद झाली, हे योग्यच झाले. परंतु काही दाने अशी असतात, की त्यांची पावती फाडता येत नाही. अशा दानाचे थोर उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड या खेड्यातील शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे. या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित होईल.

दादाजींचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत आणि जमीन अवघी दीड एकर. सन १९८३ मध्ये 'पटेल ३' वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या निराळ्या, पिवळसर दिसल्या. एरवी अशा लोंब्या कापणीत विळ्याखाली जातात. दादाजींनी त्या जपून ठेवल्या व पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या. मग दरसाल तेच काम : पऱ्हे वेगळे, रोवणी वेगळी, मळणी वेगळी, आणि निवडक दाणा पुन्हा बियाण्यास. पाच-सहा वर्षांच्या चिकाटीने बारीक दाण्याचा, चांगल्या उताऱ्याचा व चवदार भाताचा वाण तयार झाला. सन १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास 'एचएमटी' म्हटले. तेच नाव रूढ झाले.

हे बियाणे दादाजींनी कुलपात ठेवले नाही. शेतकऱ्यांना ते देऊन टाकले. एका शेतातून दुसऱ्या शेतात असे करीत ते महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. सन १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. आपणास त्याचे योग्य श्रेय मिळाले नाही, ही खंत दादाजींनी वेळोवेळी बोलून दाखविली.

ज्या वाणाने कित्येकांची घरे सावरली, त्याच्या जनकाच्या घरची ओढाताण मात्र संपली नाही. मुलाच्या आजारपणात असलेली जमीनही विकावी लागली. तरी नातेवाइकांनी दिलेल्या जमिनीत त्यांनी काम चालूच ठेवले. विजय नांदेड, नांदेड हिरा, नांदेड चेन्नूर, दीपक रत्न असे एकूण नऊ वाण त्यांनी दिले. त्यांतील 'डीआरके' हा त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचा. सन २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढे राज्य शासनाने 'कृषिभूषण' देऊन सन्मानित केले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे त्यांचे निधन झाले.

दात्याने अपेक्षा केली नाही, म्हणून घेणाऱ्याचे ऋण फिटत नाही. महाप्रसादाच्या पंगतीत बारीक तांदळाचा भात पानावर पडेल, तेव्हा तीन लोंब्या जपणाऱ्या त्या हातांची आठवण व्हावी. आपल्या गावातही कुणी चांगले बी राखून शेजाऱ्यास दिले असेल. त्याचे नाव तो हयात असतानाच चारचौघांत घ्यावे, आणि अडचणीच्या दिवसांत गावाने त्याच्या दारी जावे. देणगीदारांच्या यादीइतकीच हीही नोंद गावाने ठेवावी, एवढीच नम्र विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!