दफ्तर जागे ठेवावे



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. मोठ्या संस्थेने आपल्याजवळील माहितीचा कारभार कसा करावा, हा तो विषय होय. हल्ली त्याला ‘डेटा स्ट्रॅटेजी’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. बँका, विमा, रेल्वे, कारखाने आणि संगणक-व्यवसाय यांत आयुष्य वेचलेली पुष्कळ मंडळी या सभागृहात आहेत. त्यांच्या कानांवरून हा शब्द गेलाच असेल. शब्द नवा खरा, पण त्यामागील प्रश्न आपल्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वीच हाताळला होता, आणि त्यांचे यश व अपयश दोन्ही आपल्यासमोर आहेत.

पुण्यास पेशव्यांचे हुजूर दफ्तर होते. दोनशेहून अधिक कारकून तेथे काम करीत. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे त्याचे दोन मुख्य भाग. रोजचे हुकूम, सनदा व हिशेब चालत्या दफ्तरात तयार होत. त्याचा फड नावाचा विभाग खुद्द फडणिसांच्या नजरेखाली असे. एकबेरीज दफ्तराचे काम निराळे होते. सर्व खात्यांतून आलेले कागद तेथे वर्गवारीने लावले जात आणि जमा, खर्च व शिल्लक यांचा वार्षिक गोषवारा तयार होई. त्यास तर्जुमा म्हणत. खर्चाच्या बाबींची खतावणीही तेथेच होई. राज्य दूरवर पसरलेले, मामलेदार शेकडो कोसांवर. परंतु एखाद्या महालाचा वसूल का घटला, हा प्रश्न पुण्यात बसून विचारता येई, कारण त्याचे उत्तर कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कागद साठविणे हा या व्यवस्थेचा हेतू नव्हता. कारभाऱ्याच्या प्रश्नास उत्तर मिळावे, हा होता. माहितीच्या धोरणाचा आरंभ यंत्रापासून होत नाही, तो प्रश्नापासून होतो. आज कित्येक संस्था प्रथम महागडी यंत्रसामग्री विकत घेतात, सापडेल ती माहिती तीत ओततात, आणि मग हिचे करावयाचे काय, असे एकमेकांस विचारतात.

आता दुसरी बाजू पाहू. नाना फडणीस १८०० साली निवर्तले. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकुनांची आस्थापना जवळजवळ मोडली, आणि लोकांनी कागद उचलून न्यावेत इतकी मोकळीक झाली. वरिष्ठांनी प्रश्न विचारणे सोडले, की दफ्तर असे निजते. त्याची किंमत मात्र रयतेला मोजावी लागते. १८५२ च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने जमिनींचे हक्क तपासावयास घेतले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेल्या इनामाचा पुरावा मागितला गेला. ज्यांचा हक्क कागदाने सिद्ध झाला, त्यांचे इनाम टिकले. ज्यांचा झाला नाही, त्यांचे गेले. दफ्तरातील एका गहाळ कागदाचा अर्थ कोणाच्या तरी घरची जमीन असा असतो. आजच्या निवृत्तिवेतनाच्या किंवा विम्याच्या नोंदीचेही तेच आहे.

आपल्या अनुभवातील एक उदाहरण घेऊ. सुटीत गावी जाण्यासाठी आपण सारे ज्या आरक्षणाची वाट पाहतो, ते पूर्वी जाडजूड नोंदवह्यांतून चाले. १९८५-८६ साली दिल्लीस संगणकीय आरक्षण सुरू झाले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली. परंतु प्रत्येक केंद्राची माहिती वेगळी होती. ती पाचही केंद्रे १९९९ साली एका जाळ्यात आली, तेव्हा कोठल्याही केंद्राच्या गाडीचे आरक्षण कोठल्याही खिडकीवर मिळण्याची वाट मोकळी झाली. संगणक आधीही होतेच. उणीव होती ती एकबेरजेची.

याच रेल्वेकडून आणखी एक धडा घेण्याजोगा आहे. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले, २०१९ साली सेंट्रल स्थानकास एम. जी. रामचंद्रन यांचे नाव मिळाले. तरी त्या स्थानकाची एम-ए-एस ही सांकेतिक खूण तीच राहिली. नाव लोकांचे असते, ते बदलू शकते. नोंदीची खूण मात्र स्थिर असावी. एकच ग्राहक एका खात्यात ‘कुळकर्णी’, दुसऱ्यात ‘कुलकर्णी’ आणि तिसऱ्यात केवळ आद्याक्षरांनी नोंदला गेला, तर संस्थेच्या लेखी त्याची तीन माणसे होतात!

तिसरा दाखला तंजावरचा. तेथील भोसल्यांच्या कारभाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही रुमालांत बांधलेले आहेत. ते नष्ट झाले नाहीत, हे आपले भाग्य. परंतु मोडी वाचणारे विरळ झाल्यामुळे ते असूनही पुष्कळांना नसल्यासारखेच आहेत. आजच्या नोंदी उद्याच्या माणसास उलगडाव्यात, ही जबाबदारी नोंद करणाऱ्याचीच आहे. कोणत्या रकान्याचा अर्थ काय, हे ज्या एकाच माणसास ठाऊक आहे, तो निवृत्त होण्यापूर्वीच ते लिहून ठेवले पाहिजे.

सारांश इतकाच: प्रश्न आधी ठरवावा. प्रत्येक नोंदीस एक धनी नेमावा आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकारही त्यासच द्यावा. सर्व खात्यांत एक खूण, एक व्याख्या असावी. जी माहिती लोकांची आहे ती विश्वस्ताच्या भावनेने सांभाळावी; २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने ते आता कर्तव्यच ठरविले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरच्या खुर्चीत बसणाऱ्याने दफ्तरास नित्य प्रश्न विचारीत राहावे. प्रश्न थांबले, की उत्तम यंत्रसामग्रीचेही अडगळीच्या खोलीत रूपांतर होण्यास फार काळ लागत नाही.