आधी खांदा, मग झूल



कळमन्याच्या बाजाराजवळ आमचं डिझाइनचं छोटं दुकान आहे. संत्र्याच्या पेट्यांची लेबलं, मिरचीच्या पोत्यांवरचे मार्के, अडत्यांच्या गाळ्यांच्या पाट्या, असली कामं. यंदा दुकानाला दहा वर्षं झाली, म्हणून सगळ्यांचे आभार मानायचं ठरलं. दुकानातल्या मुलांनी मजकूर आणला : 'आमचे सन्माननीय ग्राहक, कर्मचारी व सहयोगी यांचे मनःपूर्वक आभार.' मी म्हटलं, बाप्पा, यात माणूस कुठाय? हाच मजकूर बँकेला चालेल आणि मंगल कार्यालयालाही.

परवा पोळा. उद्या संध्याकाळी गावोगाव खांदमळणी होईल. शिंगांना रंग, पाठीवर झूल, तोरणाखाली मिरवणूक, हा थाट पोळ्याच्या दिवशीचा. आदल्या दिवशी हळद-तूप लागतं ते खांद्याला. वर्षभर जू घासलं, तिथंच हात जातो. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण. आभारही असेच मानावेत. आपण मात्र खांदा सोडून थेट झूल चढवतो : मिठाईचा डबा, नाहीतर कॅलेंडर, आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव कुणाचं? आपलंच!

माणसांना बैल म्हणतेय असं समजू नका. खांदा शोधा, एवढंच म्हणतेय.

आमच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. मिरचीच्या पोत्यांसाठी पत्र्याचा ठसा कापला, अक्षरं झोकदार काढली आणि पोत्याच्या मधोमध छापली. एक हमालभाऊ पोतं उतरवता उतरवता म्हणाले, "ताई, नाव पोटावर छापलं. थप्पी लागली का पोट दिसते का? टोकावर छापा न!" तेव्हापासून आमचा मार्का टोकावर असतो आणि थप्पीत लांबून वाचता येतो. वाहवा आमची झाली. त्या भाऊंचं नाव मी कधी विचारलंच नाही. पोतं त्यांच्या खांद्यावर होतं, श्रोतेहो.

ग्राहकाचंही तेच. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या लेबलावरचं संत्रं टोमॅटोसारखं लाल निघालं होतं. आंबिया बहाराच्या सुरुवातीच्या फळावर हिरवी झाक असते. ते लेबल करून घेणारे ग्राहक ओरडले नाहीत. एक संत्रं आणून प्रूफशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं, हे तुमचं." आमच्याकडची मुलगी रात्री उशिरापर्यंत रंग जुळवत बसली. आता या दोघांना 'सन्माननीय' म्हणून काय सांगितलं? त्यांना त्या संत्र्याची आठवण करून द्या. त्या रात्रीची आठवण करून द्या.

म्हणून सांगते : नाव घ्या, आणि काम सांगा. नाव आणि काम.

आणखी एक, जरा रागानं. स्क्रीन-प्रिंटिंग करणाऱ्याचं बिल अडकवून त्याला दिवाळीला काजूकतली पाठवू नये. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. खांदा सोललेला असताना झुलीचं कौतुक कुणाला? वेळेवर चुकतं केलेलं बिल हे पहिलं हळद-तूप.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीचे आणि बडग्यांचे पुतळे मिरवत निघतात. वर्षभराची तक्रार लोक रस्त्यावर ओरडून मोकळी करतात. दुकानातही आभारांच्या दुसऱ्या दिवशी असा एक दिवस ठेवावा, माणसांनी मालकाला तोंडावर… स्टुडिओच्या काचेपलीकडून निवेदकभाऊ घड्याळ दाखवताहेत. ते राहिलं.

जाताजाता, हे भाषण ध्वनिमुद्रित करणाऱ्या ताईंचे आभार. पहिल्यांदा माझा आवाज कापत होता, तेव्हा यंत्र थांबवून त्यांनी मला पाणी दिलं. नाव मी आत येतानाच विचारून घेतलंय. बाहेर गेल्यावर नाव घेऊनच सांगते.

आणि ते हमालभाऊ ऐकत असतील, तर भाऊ, दुकानात या. नाव सांगायला तरी या.

नमस्कार.