बाहुलीघराचं दुकान आणि आपल्या हाताची मजुरी

मी कोऱ्हाळे बुद्रुकहून बोलतेय. उसाचा नि दुधाचा हिशोब आपल्याकडं घरोघरी चालतो. आज मी बाहुलीच्या घराचा हिशोब सांगणार आहे. हसू नका, त्यावरच माझं दुकान चालतं.

दुकान म्हणजे सोप्याला लागून एक खोली नि दोन काचेची कपाटं. त्यात बोटाएवढं जातं, पाटा-वरवंटा, चूल, तुळशीवृंदावन, गोठा आणि कौलारू घरं. धंदा तसा नवा नाही. पुण्याच्या तुळशीबागेतली पितळी भातुकली आणि सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्याकडं मात्र लेकरांपेक्षा मोठी माणसंच जास्त येतात. कुणाला रुखवतात मांडायला छोटं स्वयंपाकघर हवं असतं, कुणाला गौरीपुढच्या देखाव्याला वाडा हवा असतो. दिवाळीच्या किल्ल्याला मावळे नि झोपड्या लागतात. पुण्या-मुंबईला गेलेल्या एखाद्याला पाडलेलं जुनं घर आठवणीसाठी हवं असतं. भाद्रपद ते लग्नसराई हात रिकामा नसतो. पावसाळ्यात शाडू लवकर वाळत नाही, म्हणून गौरीचा माल मी उन्हाळ्यातच करून ठेवते.

सुरुवातीला मी नजरेनं माप धरायची. एका घरात तुळशीवृंदावन दारापेक्षा उंच झालं! मग एक सोपं माप शिकले. खऱ्या वस्तूच्या एका फुटाला एक इंच. सात फुटी दार सात इंचाचं, फूटभर उंचीचा हंडा एक इंचाचा. जगभर बाहुलीघरं करणारे बरेच जण हेच माप धरतात. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं, त्या लुटियन्स साहेबांनी इंग्लंडच्या राणीसाठी 1924 साली एक बाहुलीघर पुरं केलं. तेही याच मापाचं. त्यात नळाला पाणीसुद्धा येतं.

पण माप कळलं म्हणजे घर जमलं असं नाही. मी एकदा उतरंड केली, सगळी गाडगी एकसारखी. सासूबाईंनी बघितलं नि म्हणाल्या, “अगं, अशी उतरंड उभी राहील का? तळाला मोठं मडकं, वर लहान लहान.” जातं कुठं असायचं, मांडणीवर काय ठेवायचे, कणगी कशी लिंपायचे, हे मी त्यांना विचारून करते. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. आपल्या गटातल्या म्हाताऱ्या बायकांकडं हे भांडवल आहे, ते आधी विचारून घ्या.

आता हिशोब. पहिलं स्वयंपाकघर मी अडीचशे रुपयांना विकलं. पुठ्ठा, लाकडी पट्ट्या, शाडू, रंग, डिंक मिळून एकशे चाळीस रुपये लागले होते. एकशे दहा सुटले म्हणून मी खूश. लेकीनं विचारलं, “आई, वेळ किती लागला?” मोजला तर सहा तास. म्हणजे तासाला अठरा रुपये! वर डोळे नि मान दुखली ती वेगळीच. वस्तू लहान म्हणून मी माझी मजुरीही लहान धरली होती. खरं तर बोटाएवढ्या जात्याला खुंटा बसवायला जास्तच वेळ जातो.

आता मी असं धरते. सामान एकशे चाळीस, सहा तासांचे पन्नासप्रमाणे तीनशे, खोकं नि मोडतोड चाळीस. झाले चारशे ऐंशी. याच्या खाली द्यायचं नाही. दुसऱ्याच्या दुकानात ठेवायला दिलं, तर त्याचा वाटा वर धरायचा, आपल्या मजुरीतून नाही. मोठ्या कामाला निम्मे पैसे आधी घ्यायचे. एका ओळखीच्या रुखवतात मी संकोचानं मागितले नाहीत. लग्न झालं, अक्षता पडल्या, माझे निम्मे पैसे राहिले ते राहिलेच.

एक नियमही ध्यानात ठेवा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तेव्हा गटातल्या करणाऱ्या बायकांची नोंद करून कारागीर ओळखपत्र काढून घ्या. आणि हे कुठल्याही कागदापेक्षा मोठं: तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात बोटाएवढी वस्तू देऊ नका, घशात अडकते. मी प्रत्येक खोक्यावर लिहिते, ‘शोभेची वस्तू, लहान मुलांना देऊ नये.’ गिऱ्हाईकाला तोंडानंही सांगते.

परवा शेजारची एक बाई म्हणाली, “खेळण्याचे एवढे पैसे?” मी तिला म्हटलं, बस माझ्याजवळ, एक सूप विणून बघ. दोन तासांनी ती सूप अर्धं ठेवून उठली. पुन्हा किंमत काही विचारली नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. गोधडी असो, पापड असो, बाहुली असो, एका वस्तूला लागलेले तास वहीत लिहा. सामानाचा आकडा आपण सगळ्याच लिहितो. त्याच्या खाली आपल्या हाताचा आकडा लिहायला सुरुवात करा.