शंभर मुलांचा वर्ग

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागांतील मलावी ह्या लहानशा देशानें १९९४ सालीं प्राथमिक शाळांतील फी माफ केली. तत्पूर्वीं पटावर सुमारें १९ लाख मुलें होतीं. एका वर्षांत ती संख्या सुमारें दीडपट झाली. मुलें आलीं, परंतु वर्गखोल्या व बांकें तितक्या लवकर कोठून येणार? जवळजवळ २० हजार नवे शिक्षक घाईनें नेमण्यांत आले आणि अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या तयारीवर त्यांस वर्गांवर पाठविण्यांत आलें. १९९७ पासून त्यांच्याकरितां नवी योजना निघाली. तीन महिने अध्यापन-विद्यालयांत राहावयाचें, व पुढील वीस महिने आपल्याच शाळेंत शिकवीत शिकावयाचें.

श्रोतेहो, अशा शाळेंत परदेशांतून एखादा शिक्षक-प्रशिक्षक येतो, तेव्हां त्याच्या दृष्टीस काय पडतें? पहिल्या इयत्तेचीं शंभरांहून अधिक मुलें झाडाखालीं मातींत बसलेलीं असतात. फळा खोडाला टेकविलेला असतो. एका पुस्तकावर कित्येक माना वांकलेल्या असतात. पाऊस आला कीं वर्ग सुटतो. पाहुण्याच्या टिपणवहींत मात्र तीस मुलांकरितां योजिलेला पाठ असतो: प्रत्येकाकडे लक्ष द्यावें, प्रत्येकाची वही तपासावी. परंतु दर मुलास एकच मिनिट दिलें, तरी शंभर मुलांस दीड तासाहून अधिक वेळ लागतो. शिक्षक आदरानें मान डोलावतो, आणि पाहुण्याची पाठ फिरतांच सामुदायिक घोकंपट्टी पुनः सुरू होते. त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें होईल.

म्हणून सुज्ञ प्रशिक्षक प्रथम मुकाट्यानें बसून पाहतो, आणि जवळ आहे त्यांतूनच मार्ग काढतो. माती हीच पाटी व बोट हीच लेखणी. मोजावयास खडे आणि बाटल्यांचीं बुचें. दहा-दहा मुलांचे गट करावयाचे व प्रत्येक गटास एक नायक द्यावयाचा. ही युक्ति जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथालयाचे प्रमुख अँड्रयू बेल ह्यांनीं एतद्देशीय शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, ती रीत उचलली, आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविलें. पुढें इंग्लंडांत ही पद्धति फार गाजली. परंतु नायक अक्षरें घोटवून घेऊं शकतो. अडलेल्या मुलाची अडचण ओळखणें हें शिक्षकाचेंच काम, हेंही तेथें कालांतरानें दिसून आलें. तेव्हां नऊ गट गिरवीत असतां दहाव्या गटापाशीं शिक्षकानें स्वतः बसावें. असें केल्यास दहा दिवसांत प्रत्येक मूल एकदां तरी त्याच्या समोर येतें.

आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकास विचारावयाचा असतो. मलावींत एका शिक्षकामागें ६० मुलें हें सरकारी प्रमाण. परंतु गर्दी खालच्या इयत्तांत, आणि अनुभवी शिक्षक बहुधा वरच्या, विरळ वर्गांवर. पहिल्या इयत्तेंत ज्याला वाचतां येत नाहीं, तो तीच इयत्ता पुनः पुनः करतो व अखेर शाळा सोडतो. नव्या इमारतीस वर्षें लागतील. उत्तम शिक्षक पहिल्या इयत्तेवर नेमणें मात्र उद्यां सकाळींही शक्य आहे.